धावपटूचे पुनरागमन : तिथी पाहावी की बल?

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एका नव्या वर्गातील रुग्ण येऊ लागला आहे. कोल्हापूरची ख्याती तांबड्या मातीची. येथील वैद्याला पहिलवानाचा निखळलेला खांदा आणि लचकलेला गुडघा परिचयाचा. आता पहाटे रंकाळ्याच्या काठाने आणि विद्यापीठाच्या परिसरात धावणाऱ्या हौशी स्त्री-पुरुषांची त्यात भर पडली आहे. त्यात व्यापारी आहेत, शिक्षक आहेत, बँकेतील कर्मचारी आणि गृहिणीही आहेत. बहुतेकांनी चाळिशीच्या आसपास धावण्यास आरंभ केलेला असतो. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून आणि साताऱ्याची डोंगरवाटेची अर्धमॅरेथॉन २०१२ पासून सुरू झाली, आणि त्यानंतर या छंदाला आपल्या भागात चांगलेच बळ मिळाले. बैठ्या व्यवसायातील माणसे स्वेच्छेने व्यायामाकडे वळली, ही गोष्ट प्रत्येक वैद्याला आनंद देणारीच आहे.

परंतु हा रुग्ण दुखापत घेऊन समोर बसतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न सहसा ‘मला काय झाले आहे?’ असा नसतो. अमुक तारखेला स्पर्धा आहे, शुल्क भरले आहे, मित्रमंडळी जाणार आहेत, तोवर बरे करून द्याल का, असे तो विचारतो. या प्रश्नाला आपण कसे उत्तर देतो, यावर त्याच्या पुढील अनेक वर्षांचे धावणे अवलंबून असते. स्पर्धेची तिथी हा चिकित्सेचा निकष होऊ शकत नाही. दुखावलेल्या धातूला आलेले बल हाच निकष होय, आणि हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगणे हे वैद्याचे तसेच औषधविक्रेत्याचेही कर्तव्य आहे, असे माझे मत आहे.

उदाहरण म्हणून शाहूपुरीतील माझ्या चिकित्सालयात आलेल्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. वय चाळिशीच्या पुढे, दिवसभर दुकानात बैठक. साताऱ्याच्या स्पर्धेसाठी त्यांनी आठवड्याचे अंतर अल्पावधीत जवळजवळ दुप्पट केले आणि उजव्या नडगीत वेदना सुरू झाली. आरंभी ती धावताना होई, पुढे चालतानाही, आणि शेवटी रात्री झोपेतही जाणवू लागली. त्यांना हवे होते मालिशचे तेल व एखादा गुग्गुळकल्प. तपासताना नडगीच्या हाडावर बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी तीव्र स्पर्शासहत्व आढळले. त्यांनी आणलेली क्षकिरण प्रतिमा निर्दोष होती. मात्र अशा भेगा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्षकिरणात पुष्कळदा दिसत नाहीत. म्हणून एमआरआय करवून घेतला, आणि हाडाला पडलेली सूक्ष्म भेग निश्चित झाली. स्पर्धा पाच आठवड्यांवर होती. यंदा धावता येणार नाही, असे सांगितल्यावर ते नाराज होऊन गेले आणि एका औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन आणखी दोन वेळा धावले. तिसऱ्या दिवशी पाय टेकवेना, तेव्हा ते परत आले. ती स्पर्धा हुकलीच. पुढील वर्षी मात्र त्यांनी ती सावकाश, विनावेदना पूर्ण केली.

या प्रसंगात नवे असे काही नाही. आपल्या संहितांनी हा विषय फार पूर्वी हाताळला आहे. सुश्रुताचार्यांनी भग्नाच्या प्रकारांत पूर्ण तुटलेल्या अस्थीबरोबर केवळ तडा गेलेल्या अस्थीचीही गणना केली आहे. भग्नचिकित्सेत संधान स्थिर होण्याचा कालावधी त्यांनी वयानुसार सांगितला : प्रथम वयात एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उत्तर वयात तिप्पट. आजचे क्रीडावैद्यकही नडगीच्या अशा भेगेनंतर साधारण सहा ते बारा आठवडे धावणे टाळावयास सांगते. चाळिशीच्या धावपटूला दोन महिने थांबावयास सांगणारा वैद्य जुनाट आहे, असे कोणी म्हणू लागल्यास त्याला हा मेळ दाखवून द्यावा. भग्नरुग्णाला वर्ज्य म्हणून सांगितलेल्या यादीत लवण, कटू, अम्ल, क्षार, रूक्ष अन्न व आतप यांच्या बरोबरीने व्यायामाचेही नाव आहे, हेही विसरता येत नाही.

तथापि केवळ ‘थांबा’ एवढे सांगून वैद्याचे काम संपत नाही. थांबलेला धावपटू पुन्हा कसा धावावा, याचे उत्तर आपण देत नाही, आणि तेथेच तो आपल्या हातून निसटतो. या संदर्भात सुश्रुतांनी तळहाताच्या भग्नासाठी सांगितलेला क्रम मला फार मोलाचा वाटतो. संधान झाल्यावर रुग्णाच्या हाती प्रथम मऊ पिंड द्यावा आणि हातात बल उत्पन्न झाल्यावर पाषाण द्यावा, असा त्याचा आशय आहे. पाषाण किती दिवसांनी द्यावा, हे तेथे सांगितलेले नाही. बल येणे हीच अट आहे. क्रमाक्रमाने भार वाढवण्याचे जे तत्त्व आज भौतिकोपचारतज्ज्ञ शिकवतात, ते याहून वेगळे नाही.

हाच क्रम पायाला लावून पाहावा. नडगीच्या रुग्णाला स्पर्शासहत्व पूर्ण गेल्यावर प्रथम सपाट जमिनीवर अर्धा तास चालू द्यावे. सलग पाच-सहा दिवस चालताना, त्या रात्री वा दुसऱ्या सकाळी वेदना नसेल, तर एक मिनिट हलके धावणे आणि चार मिनिटे चालणे, असे पाच-सहा आवर्तनांत आणि एक दिवसाआड करावे. पुढे धावण्याचे मिनिट वाढवावे, चालण्याचे कमी करावे. अंतर, वेग आणि चढ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कधीही वाढवू नयेत. घाटाचा चढउतार सर्वांत शेवटी. वेदना परतल्यास एक पायरी मागे यावे. चरकाचार्यांनी सवयी बदलण्यासाठी सांगितलेला पादांशिक क्रम आणि शोधनानंतरचा संसर्जन क्रम आपण नित्य वापरतो. वमनानंतरच्या रुग्णाला त्याच संध्याकाळी पुरणपोळी न वाढणारा वैद्य भेग सांधलेल्या धावपटूला एकदम दहा किलोमीटरची मुभा कशी देतो, याचे आश्चर्य वाटते.

अर्धशक्ती व्यायामाचा उपदेशही येथे लागू पडतो. कपाळ, नाक व सांध्यांवर घाम येणे आणि मुखाला शोष पडणे ही बलार्धाची लक्षणे प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेली असतात. आजच्या भाषेत सांगायचे तर धावताना सोबत्याशी सहज बोलता यावे, एवढाच वेग ठेवावा. निरोगी धावपटू स्पर्धेच्या दिवशी ही मर्यादा ओलांडतो, हे गृहीत धरू. दुखापतीतून उठलेल्याने मात्र पहिले काही महिने ती पाळलीच पाहिजे.

‘मोठे खेळाडू तर लगेच परततात’, असा युक्तिवाद रुग्ण करतात. त्यांना आपल्याच बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावच्या अविनाश साबळे यांचे उदाहरण द्यावे. तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी २०१८ साली भुवनेश्वर येथे गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२३ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२४ साली पॅरिस येथे आठ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत मजल मारली. त्याच साबळे यांना जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत गुडघ्याची दुखापत झाली, स्नायुबंध फाटल्याने शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा सोडून द्यावी लागली. सैन्यदलाचे पाठबळ, तज्ज्ञ वैद्यक आणि पूर्णवेळ सराव असूनही गुडघ्याने तारखेचा मान ठेवला नाही. दुकान सांभाळून पहाटे धावणाऱ्याने त्याहून शीघ्र परतण्याची अपेक्षा का धरावी?

आता आपल्या स्वतःच्या व्यवहाराकडे वळू. वेदनाशामक गोळी खाऊन धावणे अपायकारक आहे, हे आपण सहज सांगतो, आणि ते खरेच आहे; दीर्घ धावण्यात शरीरातील जलांश घटलेला असताना या गोळ्या वृक्कांवर व आमाशयावर आघात करतात. परंतु तोच हेतू मनात धरून आपण तेल, लेप वा गुग्गुळ देत असू, तर तत्त्वतः भेद तो काय राहिला? लाक्षादि गुग्गुळ, हाडसांधी, अर्जुन यांचा उपयोग संधानाला साहाय्य म्हणून आहे. स्पर्धेपर्यंत वेदना झाकून ठेवणे हे त्यांचे प्रयोजन नव्हे. ‘आपण नाही म्हटले तर रुग्ण दुसरीकडे जाईल’, ही व्यवसायबंधूंची भीती निराधार नाही. तो जातोही. परंतु धावणाऱ्यांचे मंडळ लहान असते आणि ते पहाटे तासभर एकमेकांशी बोलत असतात. कोणाच्या उपचाराने पाय टिकला आणि कोणाच्या सल्ल्याने हाड मोडले, याची वार्ता तेथे लवकर पसरते.

अभ्यंगाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. एकाच पोटरीला सूज, उष्णता व ताण असेल, तर ती नुसती ‘शीर चढलेली’ नसून खोल सिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायावर मर्दन केल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. टाचेच्या वर काडकन आवाज होऊन पंजावर उभे राहता येत नसेल, तर कंडरा तुटल्याची शक्यता धरावी. धावताना जांघेत खोलवर वेदना होत असेल, तर मांडीच्या हाडाच्या मानेला भेग असू शकते, आणि ती पूर्ण तुटल्यास रुग्ण कायमचा अधू होऊ शकतो. या तिन्ही स्थितींत तेलाची बाटली बाजूला ठेवून रुग्णाला त्याच दिवशी अस्थिशल्यतज्ज्ञांकडे वा रुग्णालयात पाठवावे. असे पाठवण्यात आपल्या शास्त्राला कोणताही कमीपणा नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी आणखी एक मुद्दा आहे. १९०४ साली सेंट लुईस येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये विजेत्या थॉमस हिक्सला धावता धावता स्ट्रिक्नीन पाजण्यात आले होते, आणि शर्यतीअखेर तो मरणाच्या दारी पोहोचला होता. हे स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कुपिलूतील, म्हणजेच कुचल्यातील, प्रमुख द्रव्य. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, एकांगवीर रस अशा कल्पांत कुपिलू असतो आणि ‘अंगात जोम’ व ‘सांध्यांना बळ’ म्हणून ते मागितले जातात. स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध सूचीत आहे. विजयेच्या म्हणजे भांगेच्या कल्पांतील मादक अंश आणि तोंडावाटे घेतलेली स्टेरॉइडेही त्याच काळात निषिद्ध आहेत. भारतात २०२२ सालापासून या विषयाचा स्वतंत्र कायदाही आहे. हौशी धावपटूची तपासणी क्वचितच होते, हे मान्य. परंतु आपल्याकडे येणाऱ्या तरुणांत जिल्हा वा राज्याचे प्रतिनिधित्व करू पाहणारेही असतात, आणि एका पुडीने त्यांचे भवितव्य धोक्यात येऊ शकते. कुपिलू हा अनुसूची ई (१) मधील विषद्रव्यांत मोडतो, म्हणून असे कल्प वैद्याच्या देखरेखीशिवाय काउंटरवरून देऊच नयेत. लेबल नसलेली ‘सांधेदुखीची पुडी’ तर दुकानात ठेवूच नये. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ वेळोवेळी उघडकीस आली आहे.

शेवटी आहाराविषयी. वजन कमी व्हावे म्हणून अनेक जण धावणे वाढवतात आणि खाणे घटवतात. अशा शरीरात अस्थिधातूचे पोषण खुंटते. स्त्री धावपटूचा रजःस्राव अनियमित झाला किंवा थांबला असेल, तर हाडाच्या भेगेचे मूळ तेथेही असू शकते. तो प्रश्न संकोच न करता विचारलाच पाहिजे. सुश्रुतांनी भग्नरुग्णाला साळीचा भात, मांसरस, दूध, तूप, वाटाण्याचे यूष असे बृंहण अन्न सांगितले आहे. कोल्हापूरकराला हे पथ्य जड वाटू नये. पांढऱ्या रश्श्याला फारशी हरकत नाही. तांबडा मात्र, कटू व लवण वर्ज्य असल्याने, भेग सांधेपर्यंत दूर ठेवावा.

तालमीतला वस्ताद मैदानाची तारीख जवळ आली म्हणून अधू गुडघ्याच्या पहिलवानाला हौद्यात उतरवत नाही. आधी बैठका मोजतो, मग जोर, मग हलकी जोड लावतो. हौशी धावपटूला असा वस्ताद नसतो. ती जागा वैद्याने घ्यावी. त्यासाठी आपल्या संघाने एक साधे पत्रक तयार करावे, अशी माझी सूचना आहे : एका बाजूस तातडीने पुढे पाठवण्याची लक्षणे, दुसऱ्या बाजूस परतीचा पायरीवार क्रम. ते सभासदांच्या चिकित्सालयांत आणि औषधालयांच्या काउंटरवर ठेवावे. स्पर्धांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे काम पार पडल्यास पुष्कळ पाय वाचतील. व्यवसायबंधूंनी या सूचनेवर आपली अनुकूल वा प्रतिकूल मते अवश्य कळवावीत.