चाऱ्याचे दान आणि चाऱ्याचे झाड



पर्युषणकाळात जीवदयेसाठी आपल्या घराघरांतून निधी निघतो आणि त्यातील मोठा वाटा पांजरपोळ व गोशाळांकडे चाऱ्यासाठी जातो. या दानामागील भावनेविषयी लिहावे इतकी माझी योग्यता नाही. मात्र उभे आयुष्य आकड्यांच्या सहवासात गेल्याने या दानाच्या हिशेबाविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

शंभर जनावरांची एक गोशाळा डोळ्यांसमोर आणू. सुमारे तीनशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला किमान सहा किलो सुका चारा लागतो. म्हणजे शंभर जनावरांना दररोज सहाशे किलो आणि उन्हाळ्याच्या १२० दिवसांना ७२ टन. किलोला दहा रुपये असा भाव केवळ हिशेबासाठी धरला, तरी ही रक्कम ७ लाख २० हजार रुपये होते. पाऊस दगा देतो त्या वर्षी कडब्याचा भाव चढतो आणि नेमका त्याच वर्षी बाजार मंदावल्याने देणाऱ्याचा हातही आखडतो. गरज वाढावी तेव्हाच आवक घटावी, ही स्थिती कोणत्याही पेढीला फार काळ झेपणारी नाही. येथे तर तिचा भार मुक्या जिवांवर पडतो. दान थांबले की दावणीची जनावरे खंगू लागतात.

दुसरी अडचण सहजी दिसत नाही. उन्हाळ्यातील वाळलेल्या गवतात किंवा कडब्यात प्रथिनांचे प्रमाण जेमतेम तीन-चार टक्के असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा पचवण्याचे काम सूक्ष्मजीव करतात आणि आहारातील प्रथिने साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचे काम मंदावते. चारा पोटात रेंगाळतो, जनावर कमी खाते आणि गव्हाण भरलेली असूनही त्याच्या बरगड्या दिसू लागतात. अशा वेळी त्याच कडब्याबरोबर थोडा झाडपाला मिळाला, तर कडबाही अंगी लागतो. झाडपाला गवताची जागा घेत नाही, तो गवताची किंमत वाढवतो. कोरड्या चराऊ रानात चाऱ्याची झाडे का हवीत, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

हे शहाणपण आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे मूळ मारवाडात आहे आणि मारवाडातील पशुधन ज्या झाडाच्या आधारावर तगले, ते झाड म्हणजे खेजडी. राजस्थानने तिला राज्यवृक्षाचा मान दिला आहे. तिची मुळे इतकी खोल जातात की वरचे वाळूचे थर कोरडे पडले तरी झाड हिरवे राहते. हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटून पाला वाळवतात. त्याला तिकडे ‘लूंग’ म्हणतात आणि तो उंट, शेळ्या-मेंढ्या व गाईगुरांसाठी साठवून ठेवतात. कोवळ्या शेंगा म्हणजे आपल्या ताटातली सांगरी, आणि पिकून गळलेल्या शेंगा जनावरे आवडीने खातात. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत माणसांनीही खेजडीची साल दळून खाल्ल्याच्या नोंदी आहेत. तिच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, म्हणून तिच्या छायेत बाजरी व गवत खुरटत नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने खेजडी आणि गवत एकत्र वाढवण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे.

हीच खेजडी आपल्याकडे शमी किंवा सौंदड या नावाने आहे. दसऱ्याच्या पूजेपुरती तिची ओळख उरली असली, तरी दख्खनच्या कोरड्या प्रदेशात ती मूळचीच आहे. तिच्या जोडीला मुरमाड जमिनीवर अंजन वृक्ष, आपटा आणि बोर ही झाडे चालतात. थोडे पाणी असेल तेथे शेवरी, हदगा आणि सुबाभूळ लवकर पाला देतात. उरुळी कांचन येथे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या बायफ संस्थेने सुबाभळीचा मोठा प्रसार केला. मात्र सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. तो एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक देऊ नये आणि घोड्यांना देऊच नये. खेजडीच्या पाल्यातही टॅनिन असते. म्हणून कोणताही झाडपाला कडब्यात मिसळूनच द्यावा.

आता सावधगिरीचा मुद्दा. झाड लावले म्हणजे पुण्य पदरी पडले, असे गृहीत धरता येत नाही. कच्छमधील बन्नी हे आशियातील नामांकित गवताळ रान. रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६१ च्या सुमारास तेथे विलायती बाभूळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, लावण्यात आली. जनावरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सर्वत्र पसरले आणि गवताच्या फार मोठ्या क्षेत्रावर काटेरी जाळी माजली. तिचा पाला जनावरे खात नाहीत आणि शेंगांचा अतिरेक गाईंना बाधतो. हेतू चांगला होता, पण झाडाची निवड चुकली आणि तिची किंमत मालधारी पशुपालक आजही मोजत आहेत. म्हणून चराऊ रानात दाट जंगल उभे करू नये. गवत हे मुख्य, झाड हे त्याचे सोबती. दहा-दहा मीटर अंतरावर हेक्टरी शंभर झाडे पुरेशी आहेत, आणि मधल्या जागेत अंजन गवत किंवा पवन्या गवत वाढू द्यावे.

पुन्हा आकड्यांकडे येऊ. उन्हाळ्याच्या ७२ टन चाऱ्यापैकी चौथा हिस्सा पाल्याचा असावा असे ठरवले, तर १८ टन वाळलेला पाला लागेल. पूर्ण वाढलेल्या एका झाडापासून सरासरी वीस किलो पाला मिळेल असा बेताचा अंदाज धरला, तर ९०० झाडे, म्हणजेच नऊ हेक्टर जमीन. अनेक पांजरपोळांकडे दानात आलेली पडीक जमीन असते. तिचा विचार या दृष्टीने व्हावा.

अर्थात ही ठेव मुदतीची आहे. खेजडी सावकाश वाढते. पाला छाटण्याजोगी व्हायला तिला आठ-दहा वर्षे लागतात. परंतु पहिला परतावा झाडाचा नसून गवताचा असतो. रान चराईसाठी बंद केले की पुढच्याच पावसाळ्यापासून गवत सावरते आणि ते कापून आणता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे दोन नियम मनापासून पाळले, तेव्हा उजाड डोंगरांवर गवत आणि झाडे दोन्ही परतली. गावाच्या गायरानात असे काम करायचे असल्यास ग्रामसभेचा लेखी ठराव प्रथम घ्यावा. गायरान ही सामाईक मालमत्ता आहे, आणि तिच्यावर ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या जगतात त्यांना विश्वासात न घेता घातलेले कुंपण टिकत नाही. रानाचा एक भाग बंद, दुसरा चराईला खुला, आणि बंद भागातील गवत कापून नेण्याचा हक्क त्याच कुटुंबांना, अशी वाटणी न्याय्य ठरते.

येथेच आपल्या दानाची दिशा बदलणे आवश्यक आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी रोपे, फलक आणि छायाचित्रे यांना पैसा कमी पडत नाही. कमी पडतो तो नंतर. रोपाचा मृत्यू लावणीच्या दिवशी होत नाही, तो पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत होतो. म्हणून हजार रोपांच्या देणगीपेक्षा तीनशे रोपे, काटेरी कुंपण, उन्हाळ्यातील पाणी आणि तीन वर्षांचा राखणदाराचा पगार अशी देणगी द्यावी. खड्डे उन्हाळ्यात काढून ठेवावेत आणि रोपे पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत. सौंदडीचे मूळ लवकर खोल जाते, म्हणून तिची रोपे लांब पिशवीतच वाढवलेली असावीत. आणि दरवर्षी चातुर्मासाच्या अखेरीस विश्वस्तांनी जगलेली झाडे मोजून तो आकडा जमाखर्चाबरोबर छापावा. किती लावली यापेक्षा किती जगली, हाच खरा ताळेबंद.

शेवटी एक नियम, जो व्यापारी घरातील लेकरालाही समजावून सांगावा लागत नाही. राजस्थानात अलीकडे ठिकठिकाणी खेजडी वाळत आहे. मुळे पोखरणारी कीड, बुरशी आणि खाली गेलेले भूजल ही त्याची कारणे आहेतच, पण दरवर्षी शेंड्यापर्यंत केली जाणारी छाटणी हेही एक कारण मानले जाते. वरचा तिसरा हिस्सा राखून खालचा पाला काढला, तर झाड पिढ्यान्‌पिढ्या देत राहते. व्याजावर संसार करावा आणि मुद्दलाला हात लावू नये, हे आपल्या आजोबांनी दुकानाच्या गादीवर शिकवले. तेच रानातही लागू आहे.

या वर्षी चाऱ्याची पावती अवश्य फाडावी. आजच्या भुकेला उद्याचे झाड उपयोगी पडत नाही. पण त्या रकमेचा दहावा हिस्सा राखणदार आणि कुंपण यांच्या नावे वेगळा काढावा, आणि आपल्या पांजरपोळाच्या पुढील सभेत विश्वस्तांना एवढेच विचारावे की आपली पडीक जमीन किती आणि तिच्यावर आज काय उभे आहे.