टिपले पुष्कळ, पाहिले किती?

दिवाळीची सुटी संपून मुलांच्या शाळा सुरू झाल्या की मध्यमवर्गीय घरांत एक कार्यक्रम हमखास होतो. पाहुणे येतात, चहा होतो आणि यजमान सहलीची छायाचित्रे दाखवू लागतात. पूर्वी छत्तीस छायाचित्रांचा एक रोल साऱ्या सहलीला पुरवावा लागे. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी घरातला कर्ता माणूस चार वेळा विचार करी. आता भ्रमणध्वनीत सातशे-आठशे छायाचित्रे सहज मावतात. पाहुणा मध्येच विचारतो, "हे मंदिर कुठले हो?" यजमान क्षणभर थांबतात, पत्नीकडे पाहतात, मग मुलाकडे. कुणालाच आठवत नाही. चित्रात पाचही जण हसत उभे असतात आणि त्यांच्या खांद्याआडून एका कोरीव खांबाचा तुकडा डोकावत असतो.

यात कुणाचा अपराध नाही. आप्तांबरोबर घालवलेल्या क्षणांची आठवण ठेवावी, ही इच्छा स्वाभाविकच आहे. परंतु ज्या स्थळापर्यंत इतका खर्च आणि इतकी दगदग करून जायचे, ते स्थळच आठवणीतून निसटत असेल, तर आपल्या प्रवासात काहीतरी चुकते आहे, हे मान्य करायला हवे.

या चुकीचा फटका कुणाला बसतो, हे पाहण्यासाठी जालना जिल्ह्यासारखे दुसरे उदाहरण नाही. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची ओळख बाहेर सांगितली जाते ती बियाण्यांची आणि पोलादाची. वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या प्रवाशांच्या यादीत त्याचे नाव नसते. समृद्धी महामार्गावरून ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला तर जालना म्हणजे केवळ एक फलक. बाहेरच्यांचे सोडा, खुद्द जालनेकरही पाहुण्यांना सांगतात, "आमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे? वेरूळला जाऊन या." दाखवण्याजोगे चित्र कुणी काढलेच नाही, म्हणून पाहण्याजोगे काही नाही असा समज झाला, आणि तो समज झाला म्हणून कुणी चित्र काढायला गेले नाही.

पाहण्यासारखे काय आहे?

उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगांची टोके आणि दक्षिणेला सीमेवरून वाहणारी गोदावरी, यांच्यामधला हा काळ्या मातीचा प्रदेश आहे. पूर्णा, केळना, दुधना, कुंडलिका या नद्या त्यातून वाहतात. पावसाळ्याच्या अखेरीस कपाशी आणि तुरीच्या शेतांवर उतरणारे तिरपे ऊन, मोसंबीच्या बागा, राजूरच्या टेकडीवरील महागणपतीच्या दर्शनाला चतुर्थीच्या पहाटे पायी निघालेल्या माणसांच्या रांगा, अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर विराजमान झालेली मत्स्योदरी देवी, ही सारी दृश्ये डोळसपणे पाहणाऱ्याची वाट पाहत आहेत. अजिंठ्यापासून फार दूर नसलेल्या अन्वा येथील यादवकालीन मंदिराचे शिल्पवैभव अभ्यासकांना ठाऊक आहे. अजिंठ्याच्या बसगाड्या मात्र तिकडे वळत नाहीत.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवरील दानलेखांत या नगरीचा उल्लेख येतो. १९७३ साली येथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताच्या स्त्रीमूर्तीचा एक भग्न भाग हाती लागला. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली सापडलेली भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती आणि भोकरदनची मूर्ती यांच्यातील साम्य विद्वानांच्या ध्यानी आले आणि केळनेच्या काठचे हे गाव एकदम रोमन जगाच्या व्यापारी नकाशाशी जोडले गेले. हजारो मैलांचे अंतर असलेल्या अशा दोन वस्तू अभ्यासकाला शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, त्या छायाचित्रांमुळेच.

याच केळना नदीच्या परिसरात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. शिंदे-भोसल्यांच्या सैन्यासमोर वेलस्लीचे सैन्य संख्येने फारच लहान होते. नदीला जवळपास कोठे उतार नाही, असे त्याच्या वाटाड्यांनी सांगितले होते. परंतु नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. ज्या अर्थी गावे समोरासमोर आहेत, त्या अर्थी मध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला आणि त्या उतारावरून त्याने सैन्य पलीकडे नेले. मराठ्यांच्या तोफा आणि कवायती पलटणी त्या दिवशी प्राणपणाने लढल्या, याची कबुली शत्रूनेही दिली. पराभवाची कारणे अनेक होती. तरीही एक गोष्ट मनाला लागून राहते. भूमी आपली होती आणि ती बारकाईने वाचली ती परक्याने. निसर्गदृश्य म्हणजे केवळ डोळ्यांना सुखावणारा देखावा नव्हे. त्यात माणसांच्या राहण्याचा, पाण्याचा, वाटांचा इतिहास लिहिलेला असतो. तो ज्याला वाचता येतो त्याचेच छायाचित्र बोलके होते.

चित्र गेले, छायाचित्र उरले

छायाचित्राचे मोल काय असते, याचा धडाही याच परिसराने जगाला दिला आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्यातील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनासाठी ठेवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक सर्व डिसेंबर १८६६ च्या आगीत भस्मसात झाल्या. परंतु दरम्यानच्या काळात गिलने कॅमेराही हाती घेतला होता आणि त्याची छायाचित्रे १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. चित्राची प्रत एकच असते, छायाचित्राच्या अनेक निघतात, म्हणून आगीनंतरही ती उरली. पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांच्या आधारे अजिंठ्याचे चार भाग सिद्ध केले. भिंतींवरचे रंग मूळचेच नाजूक आहेत. त्यांची पूर्वीची अवस्था आज कुणाला तपासायची असेल, तर अशा नोंदींचाच आधार घ्यावा लागतो.

अजिंठ्याला नोंद लाभली, कारण ते जगाच्या दृष्टीस पडले. गावोगावच्या देवळांचे काय? या प्रश्नाने जालना जिल्ह्याला ऑगस्ट २०२२ मध्ये हादरवून सोडले. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासस्वामींचे जन्मगाव. १६०८ च्या रामनवमीला समर्थांचा जन्म जेथे झाला, त्या गावातील राममंदिरातून पंचधातूच्या प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या. समर्थांच्या घराण्याने पूजलेले देव गेले, ही बातमी ऐकून महाराष्ट्रभरचे भाविक व्यथित झाले. त्याच वर्षी पोलिसांनी चोरट्यांचा माग काढून मूर्ती परत मिळवल्या, हे सुदैव. जांब प्रसिद्ध होते, मूर्ती सर्वांच्या परिचयाच्या होत्या आणि समाजाचा रेटाही मोठा होता. परंतु एखाद्या आडगावच्या देवळातील वीतभर मूर्ती उद्या गेली आणि वर्षभराने दूरच्या शहरात सापडली, तर "ही आमचीच" हे गावकरी कशाच्या आधारे सिद्ध करणार?

तामिळनाडूतील श्रीपुरंतान येथील नटराजाची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. चोरीला गेलेली ही चोलकालीन मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात जाऊन पोहोचली होती. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संशोधन संस्थेने देवळांतील मूर्तींची छायाचित्रे पूर्वीच काढून जपून ठेवली होती. त्या छायाचित्रांशी मूर्ती ताडून पाहता आली आणि तिचे मूळ स्थान निर्विवाद ठरले. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती भारताच्या स्वाधीन केली. ज्या संशोधकांनी ती छायाचित्रे काढली, त्यांना आपण एका खटल्याचा पुरावा तयार करत आहोत, याची कल्पनाही नसेल. त्यांनी केवळ आपले काम नीट केले होते.

आक्षेप आणि विवेक

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. अनेक देवस्थानांत गाभाऱ्यात छायाचित्र काढण्यास मनाई असते. देव हा दर्शनाचा विषय आहे, प्रदर्शनाचा नव्हे, ही त्यामागची भावना आदरणीयच आहे. शिवाय मौल्यवान मूर्तीचे छायाचित्र जगजाहीर केले, तर चोरालाच वाट दाखवल्यासारखे होईल, ही भीतीही निराधार नाही. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रवाशाने हौसेने काढलेले आणि त्याच संध्याकाळी शंभर जणांना पाठवलेले छायाचित्र ही एक गोष्ट. विश्वस्तांच्या संमतीने, पुजाऱ्यांच्या उपस्थितीत, पावित्र्य सांभाळून केलेली नोंद ही दुसरी. पहिलीला मनाई असू शकते, दुसरी मात्र प्रत्येक देवस्थानाचे कर्तव्य आहे. पुरावशेषांसंबंधीच्या १९७२ च्या कायद्याने ठरावीक प्राचीन मूर्तींची नोंदणी आवश्यक केली आहे आणि त्या नोंदणीलाही छायाचित्रे लागतात.

ही नोंद करण्यास फार मोठे तंत्र लागत नाही. मूर्ती समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून टिपावी. शेजारी मोजपट्टी ठेवावी. झीज, तडा, जुना टवका अशा ओळखीच्या खुणा जवळून घ्याव्यात. गाव, तालुका, दिनांक आणि उंची कागदावर लिहून तो कागद छायाचित्रांसोबत ठेवावा. एक प्रत विश्वस्तांकडे, दुसरी गावाबाहेर विश्वासू ठिकाणी असावी. समर्थांनी दासबोधात एक संपूर्ण समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर कसे असावे, ग्रंथ कसा जपावा, इतक्या बारीक गोष्टींचा विचार त्या संन्याशाने केला, कारण नोंद टिकली तरच परंपरा टिकते, हे तो जाणून होता. लेखणीच्या जोडीला आता कॅमेरा आला आहे. दक्षता तीच हवी.

बारवांच्या बाबतीत हा अनुभव महाराष्ट्राने घेतलाच आहे. गेल्या काही वर्षांत तरुणांनी गावोगावच्या विस्मृत बारवा शोधून त्यांची छायाचित्रे आणि ठिकाणे नोंदवली. आपल्या गावातील उकिरडा झालेली विहीर किती देखणी आहे, हे गावकऱ्यांना चित्रातून उमगले. मग श्रमदान झाले, गाळ निघाला आणि महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लागले. अंबडमध्ये पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेल्या बारवेसारखी वास्तू ज्या जिल्ह्यात आहे आणि २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात ज्या जिल्ह्याने टँकरच्या रांगा पाहिल्या, तेथे तर या कामाला दुहेरी अर्थ आहे. एकाच बारवेचे, एकाच जागेवरून, दरवर्षी वैशाखात आणि भाद्रपदात छायाचित्र घेतले, तर दहा वर्षांत गावाच्या पाण्याचा बोलका ताळेबंद तयार होईल. गावातील शाळेला हे काम सहज पेलण्यासारखे आहे.

कामानिमित्त खेडोपाडी फिरणारे कार्यकर्ते आणि सुटीत प्रवासाला निघणारी कुटुंबे, दोघांच्याही खिशात आज कॅमेरा आहे. पुढच्या प्रवासात एक साधा नियम पाळून पाहावा. स्थळी पोहोचल्यावर प्रथम हात जोडावेत, मग डोळे भरून पाहावे, तेथल्या वृद्धाला चार प्रश्न विचारावेत आणि त्यानंतर भ्रमणध्वनी बाहेर काढावा. आपल्या माणसांची छायाचित्रे अवश्य घ्यावीत. सोबत निदान एक छायाचित्र केवळ त्या स्थळाचे घ्यावे आणि त्याखाली गावाचे नाव लिहून ठेवावे. पुढच्या दिवाळीनंतर पाहुण्याने "हे मंदिर कुठले हो?" असे विचारले, तर घरातल्या लहान मुलानेही चटकन सांगावे, "हे अन्व्याचे. जालना जिल्ह्यातले."