मानधन नको, वाटा घ्या

सिनेनटांच्या मानधनाचे आकडे छापून आले की एक तक्रार हमखास ऐकू येते : जीव वाचवणाऱ्या डॉक्टरला लाखांत मिळतं आणि पडद्यावर नाचणाऱ्याला कोटींत, हा कुठला न्याय? तक्रारीमागची तळमळ खरी आहे, पण युक्तिवाद टिकत नाही. डॉक्टर एका वेळी एकाच रुग्णावर शस्त्रक्रिया करतो. नटाने एकदा केलेलं काम एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर विकलं जातं, मग ओटीटीवर आणि टीव्हीवर पुन्हा विकलं जातं. शिवाय त्या जागी दुसरा चेहरा चालत नाही. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या वेळी (१९१३) राणी तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या उपाहारगृहात महिना १० रुपयांवर राबणाऱ्या अण्णा साळुंकेंना दादासाहेब फाळक्यांनी १५ रुपये देऊ केले. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका साळुंकेंनीच केल्या. दुर्मीळ माणसाला जास्त द्यावं लागतं, हे पहिल्या पूर्ण लांबीच्या भारतीय चित्रपटापासूनच दिसतं.

म्हणून तारे मागतील तो आकडा योग्य, असं मात्र नाही. चित्रपटसृष्टी सांगते, 'ताऱ्याचं नाव म्हणजे धंद्याची हमी.' नाव असलं की फायनान्सर पैसे सोडतो, चित्रीकरणाआधीच हक्क विकले जातात, पहिल्या तीन दिवसांची तिकिटं खपतात, इतपत हे खरं. सोमवारनंतर चित्रपट गोष्टीवर चालतो. २०१६ साली नागराज मंजुळे यांनी रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर हे दोन अनोळखी चेहरे घेऊन 'सैराट' केला आणि मराठीतले कमाईचे सगळे उच्चांक मोडले. उलट २०२२मध्ये आमिर खानसारखं नाव असूनही 'लालसिंग चढ्ढा' पडला. हमी म्हणून घेतलेले पैसे हमी फोल ठरली तरी परत येत नसतील, तर तिला हमी का म्हणायचं?

माझा आक्षेप रकमेच्या मोठेपणाला नाही, ती आगाऊ आणि ठरीव असण्याला आहे. चित्रपट आपटला की निर्माता आणि वितरक बुडतात, ताऱ्याचे पैसे मात्र सुटलेले असतात. दुसरीकडे मनोरंजनाच्या धंद्यात, विशेषतः मालिकांमध्ये, छोट्या कलाकारांना आणि कामगारांना झालेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी मिळण्याची रीत रुळली आहे. घरभाडं आणि किराणा तीन महिने थांबत नाहीत. जोखीम अशी सर्वांत कमी मिळवणाऱ्यांच्या गळ्यात पडते, याचा मला संताप येतो.

वाट्याचा पर्याय हवेतला नाही. आपण मानधनाऐवजी नफ्यातला वाटा घेतो, असं आमिर खानने जाहीर मुलाखतींत सांगितलं आहे. 'लालसिंग चढ्ढा' पडला तेव्हा तोटा त्यालाही लागला. चित्रपट चालला तर शंभर कोटी घ्या, कुणाची हरकत नसावी. पण निर्मात्यांनो, करार लिहाल तेव्हा लाइटमन, स्पॉटबॉय आणि मेकअपवाल्यांच्या पैशांची तारीख ताऱ्याच्या रकमेच्या आधी लिहा.