मोटारघरातील बर्फयंत्र

शयनगृह, स्वयंपाकघर व स्नानगृह यांसह रस्त्यावरून धावणारे मोटारघर अमेरिकेत अनेक कुटुंबांना सुटीत सोबत करते. तिकडे स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांसमवेत आपणही कधी अशा प्रवासास निघाल. ऐन उन्हाळ्यात शीतकपाटातील बर्फयंत्र थांबले, तर ते लगेच खोलावयास घेऊ नये. पुष्कळदा दोष यंत्रात नसून गाडी उभी करण्यात असतो.

अशा गाड्यांतील पुष्कळशा शीतकपाटांत कॉम्प्रेसर नसतो. प्लाटेन व मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधलेल्या पद्धतीने ती चालतात. गॅसच्या ज्योतीने किंवा विजेने उष्णता द्यावयाची, आणि अमोनिया, पाणी व हायड्रोजन यांनी नळ्यांतून फिरत थंडावा निर्माण करावयाचा. यातील द्रव स्वतःच्या भारानेच खाली परततो. गाडी कलती उभी राहिली, तर तो अडतो, बॉयलर अतिशय तापतो आणि शीतकपाट कायमचे निकामी होऊ शकते. यास्तव मुक्कामी पोहोचताच पाणसळ लावून गाडी समपातळीत आणावी.

नंतर बर्फकप्प्याचे तापमान पाहावे. ते उणे ९ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरल्यावाचून बर्फयंत्र साधारणतः हालचाल करीत नाही. शीतकपाट नुकतेच सुरू केले असल्यास एक दिवस धीर धरावा. टाकीत पाणी आहे काय, पंप चालू आहे काय, तेही पाहावे. यंत्राचा तारेचा दांडा वर राहिला असल्यास खाली करावा. तो वर असता यंत्र बंद राहते. पाण्याची नळी गोठली असल्यास वीज बंद करून कोमट फडक्याने शेकावी. सुरीने बर्फ खरवडू नये.

हिवाळ्यापूर्वी नळ्यांतील व झडपेतील पाणी काढून टाकावे. गोठताना पाणी प्रसरण पावते व झडप तडकते. पुढील मोसमात प्रथम निघणारा बर्फ फेकून द्यावा.

मात्र अमोनियाचा उग्र दर्प आला अथवा कपाटामागे पिवळी भुकटी दिसली, तर ज्योत व वीज तत्काळ बंद करावी, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि जाणत्या कारागिरास बोलवावे. हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. तेथे स्वतः हात घालू नये. बर्फावाचून एखादी दुपार सहज निभावते. मुलाबाळांच्या जिवाशी मात्र खेळ नको.