बाजूच्या बाकावर काहीच घडत नाही

'सात मिनिटं पाहिलं, काहीच घडलं नाही यार.' 'तोनारी नो सेकी-कुन'चा पहिला भाग मी ज्यांना ज्यांना पाठवला, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर याच चालीवरचं होतं. मला ही तक्रार मान्य नाही. राजुऱ्याच्या माणसाने तर ती मुळीच करू नये.

आधी मालिका काय आहे ते सांगतो. 2014 सालची आहे. 21 भाग, एकेक भाग जेमतेम साडेसात-आठ मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून एका मराठी सिनेमाएवढा वेळ. स्टुडिओ शिन-एइ, आपण लहानपणी हिंदीत पाहिलेले डोरेमॉन आणि शिनचॅन ज्यांचे, तेच हे लोक. वर्गात शेवटच्या रांगेत सेकी नावाचा पोरगा तास चालू असताना गुपचूप काहीतरी उद्योग करत बसतो. पहिल्या भागात तो खोडरबरं उभी करून डोमिनो रचतो. शेजारची योकोई अभ्यास करायला बघते, पण नजर तिकडेच. बोलणी शेवटी तिलाच बसतात. दुसऱ्या भागात शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ. त्या सोंगट्यांमध्ये असं राजकारण पेटतं की योकोईला फळ्यावरचं काही दिसेनासं होतं. सेकी जवळपास बोलतच नाही. सगळी बडबड योकोईची, तीही मनातल्या मनात. (जपानीत 'सेकी' म्हणजे बसायची जागासुद्धा. नावातच कोटी आहे.)

दोन भागांवर बनवलेलं मत आहे हे. पुढे हीच युक्ती उगाळली असेल तर कंटाळाही येईल. पण 'काहीच घडत नाही'? डोमिनो पडेल की नाही यावर एका पोरीचा जीव टांगणीला लागलाय, आणखी काय घडायला हवं?

मला माहीत आहे काय हवंय ते. पुण्यात ऑफिसात नवा माणूस भेटला की विचारतो, 'कुठला तू?' मी म्हणतो, 'राजुरा, चंद्रपूर जिल्हा.' पुढचा प्रश्न ठरलेला: 'अरे वा, वाघ पाहिलास का?' आमचं गाव बातमीत येतं ते वाघाने, वर्धेच्या पुराने बल्लारपूरकडचा रस्ता बंद झाला म्हणून, नाहीतर कोळशाच्या खाणींमुळे. वेबसिरीजवाल्यांना या दोन जिल्ह्यांचं जंगल हवं असतं ते बंदुकीसकट. या बातम्या खोट्या नाहीत. 2020 मध्ये राजुऱ्याच्या जंगलातला वाघ पकडेपर्यंत लोकांनी शेतात जायची धास्ती घेतली होती, त्याची चेष्टा कोण करेल? पण त्याच महिन्यांत त्याच गावांत कोणीतरी चिंचोके मोजत होतं, कोणीतरी बुक क्रिकेटमध्ये स्वतःलाच आउट द्यायला तयार नव्हतं. ते कुठे आहे? ज्या गावाचं फक्त संकट दाखवलं जातं, तिथल्या माणसाकडे बाहेरचे लोक एक तर दयेने बघतात, नाहीतर पर्यटनाच्या नजरेने. सेकी कुठल्या गावचा, त्या गावाची समस्या काय, असं कोणी विचारत नाही. त्याला खोडरबर रचायची मोकळीक आहे.

आमच्या वाट्याला विनोद येतच नाही असं नाही. येतो, पण तो आमच्यावर असतो. मालिकेत विदर्भातला माणूस 'काऊन बे' म्हणाला की हशा. म्हणजे बोलणं हाच जोक; पुढे त्याने काही करायची गरज नाही. सेकीत हसू येतं ते कुणाच्या बोलीचं नाही, एका माणसाच्या भयंकर एकाग्रतेचं. दोन्हींत फरक आहे आणि तो लेखकाच्या आळसाचा आहे.

मराठीत रोजच्या जगण्याचा विनोद नाही, असंही कोणी म्हणू नये. चि. वि. जोशींचा चिमणराव होता, मिरासदार आणि शंकर पाटलांची गावं होती. पण चिमणराव पुण्याचा आणि ती गावं पश्चिम महाराष्ट्राची. वर्धेच्या अलीकडचा वर्ग त्यात नाही. राजुरा कधीकाळी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. आजही एका बाकावर मराठी, शेजारी घरी तेलुगू बोलणारा, मागे गोंडी, आणि खाणीतल्या नोकरीमुळे आलेल्या घरातला हिंदीवाला. चौघं मिळून पेन फाईट खेळतात तेव्हा कोणत्या भाषेत भांडतात, यावरच दहा भाग निघतील.

'आपल्याकडे बजेट नाही' हे उत्तर मला देऊ नका. मी सॉफ्टवेअरवाला आहे, कमी साधनांत काम उरकणं हा आमचा रोजचा धंदा. सेकीला बहुतेक वेळ लागतं काय? एक वर्ग, दोन बाक, एक खिडकी, एक आवाज. एवढं तर फोनवर शूट होतं. 'लोकांना स्लो आवडत नाही' हेही सांगू नका. झाडीपट्टीची नाटकं बघायला आमचे लोक थंडीत रात्रभर बसतात.

तेव्हा कोणी बनवणार असाल तर एवढंच करा: खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक जात असतील तर जाऊ द्या, धूळ आत येऊ द्या, पारा 45 च्या पुढे गेला असेल तर पोरं घामाघूम दिसू द्या. कॅमेरा मात्र बाकाच्या काठावर अर्धा लटकलेल्या पेनवर ठेवा. तो पडतो का, ते बघायचंय.