नकाशावर व्हीलचेअरची खूण आहे, पण रॅम्प किती अंशांचा?

दोन पायऱ्या, त्यांच्यावर टाकलेला लोखंडी पत्र्याचा रॅम्प, आणि गूगल मॅप्सवर त्या जागेच्या माहितीत व्हीलचेअरची छोटीशी खूण. गेल्या पावसाळ्यात मी आणि माझा मामेभाऊ पुण्यातल्या एका कॅफेत गेलो ते ही खूण बघूनच. दादा सहा वर्षांपासून मॅन्युअल व्हीलचेअर वापरतो. मॅन्युअल म्हणजे बॅटरी नाही, मोटर नाही. मोठ्या चाकाच्या बाहेर जी रिंग असते ती हातांनी ढकलायची.

रॅम्पच्या मध्यावर त्याने जोर लावला आणि पुढची दोन्ही छोटी चाकं हवेत उचलली गेली. मी मागेच होतो म्हणून हँडल धरता आलं. नसतो तर डोकं थेट फरशीवर. मी दारातल्या माणसाशी वाद घालायला लागलो, तर दादा म्हणाला, "रॅम्पला शिव्या नंतर दे. आधी मागची बॅग काढ."

बॅग माझी होती. लॅपटॉप, चार्जर, बाटली, छत्री आणि कुठलं तरी जाडजूड पुस्तक. सोयीचं म्हणून मीच ती त्याच्या खुर्चीच्या हँडलना अडकवली होती.

त्या दिवशी दोन चुका एकत्र आल्या. एक रॅम्पची, एक माझी. दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत, कारण पहिलीचा संबंध देशातल्या एका मोठ्या निकालाशी आहे आणि दुसरीचा अकरावीच्या फिजिक्सशी.

खूण म्हणजे नेमकं काय?

मॅप्सवरची ही माहिती बहुतेक वेळा दुकानाचा मालक स्वतः भरतो, नाहीतर तुमच्या-माझ्यासारखे लोक. प्रवेशद्वार व्हीलचेअरसाठी योग्य आहे का? हो किंवा नाही. प्रोग्रामिंगच्या भाषेत हा बूलियन झाला. मालकाने पत्रा टाकला, त्याच्या दृष्टीने उत्तर 'हो'. तो खोटं बोलत नाहीये. पण उतार हा आकडा असतो, आणि आकडा बूलियनमध्ये मावत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं व्हीलमॅप थोडं पुढे आहे. जर्मनीत २०१० मध्ये सुरू झालेल्या या नकाशात सिग्नलसारखे तीन रंग आहेत. हिरवा म्हणजे पायरी नाही. केशरी म्हणजे दारात फार तर एक पायरी, तीही साधारण ७ सेंटीमीटरपर्यंतची. लाल म्हणजे जमणार नाही. निदान पायरीची उंची तरी इथे विचारली जाते. पण आपल्याकडच्या शहरांचा भाग उघडून बघा, बहुतेक ठिकाणं करड्या रंगात दिसतील. करडा म्हणजे कुणी माहितीच भरलेली नाही.

आता निकालाकडे येऊ. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता आल्याच पाहिजेत, असं तो म्हणतो. पण त्याखाली २०१७ मध्ये जे नियम केले, त्यातल्या नियम १५ मधून वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं गेलं. सूचना म्हणजे पाळल्या तर उत्तम. न्यायालयाने म्हटलं की कायदा सक्तीची भाषा बोलतो, मग नियम त्याला ऐच्छिक करू शकत नाही, आणि नियम १५ चा हा भाग कायद्याशी विसंगत ठरवला. ज्यात तडजोड चालणार नाही असे किमान निकष वेगळे काढून तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असं केंद्राला सांगितलं. निकष पाळले नसतील तर इमारतीचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र रोखणं आणि दंड करणं, या तरतुदी वापरा असंही सांगितलं.

"कॅफे तर खासगी आहे, त्याला हे कसं लागू?" असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पण कायद्यातल्या 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत लोकांचा वावर असलेल्या खासगी इमारतीही येतात. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, आणि नियम जून २०१७ चे. हिशोब तुम्हीच करा. कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत दंड, नंतर ५० हजार ते ५ लाख.

मला या निकालातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'किमान निकष' हा शब्द. कारण निकष म्हटला की तो मोजता यायला हवा. आणि मोजायचं यंत्र आपल्या खिशात असतं.

फोनने रॅम्प मोजा

रॅम्पसाठी जगभर चालणारा आणि आपल्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांमध्येही असलेला आकडा १:१२ आहे. १ फूट चढायचं तर १२ फूट लांबी. अंशांत ४.८, टक्क्यांत ८.३. इथे एक गोंधळ हमखास होतो: ८ टक्के म्हणजे ८ अंश नव्हे. ८ अंशांचा रॅम्प म्हणजे १४ टक्के, जवळपास १:७. ॲपमध्ये कुठलं एकक चालू आहे ते आधी बघा.

फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो. स्क्रीन आडवी-उभी फिरते ती त्याच्यामुळेच. फोन स्थिर ठेवला की गुरुत्वाकर्षण तीन अक्षांवर किती-किती विभागलंय हे त्याला कळतं आणि त्यावरून कोन निघतो. आयफोनच्या मेझर ॲपमध्ये लेव्हल आहे, अँड्रॉइडवर बबल लेव्हलची ढीगभर मोफत ॲप्स आहेत. (लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्स मागणारं लेव्हल ॲप घेऊ नका. पाणसळीला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवा?)

मोजताना कव्हर काढा. कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, म्हणून फोन थेट जमिनीवर न ठेवता एका सरळ फळीवर किंवा जाड वहीवर, उताराच्या दिशेने, लांब कडेवर उभा ठेवा. एकदा वाचा, मग फोन उलट्या दिशेला फिरवून पुन्हा वाचा आणि दोन्हींची सरासरी घ्या. सेन्सरमध्ये अर्ध्या अंशाची चूक असली तरी ती अशी निघून जाते. खाली, मध्ये, वर अशा तीन ठिकाणी मोजा, कारण आपल्याकडचे रॅम्प सुरुवातीला गरीब आणि शेवटी उद्धट असतात.

त्या कॅफेचा रॅम्प मी नंतर टेपनेही मोजला. ३० सेंटीमीटर उंची, लांबी १८०. म्हणजे १:६, साडेनऊ अंश. १:१२ साठी ३६० सेंटीमीटर लांबी लागली असती, जी फूटपाथवर नव्हतीच. म्हणून 'जमेल तेवढा' टाकला. दादा आणि खुर्ची मिळून ८० किलो धरले तर १:१२ वर चढायला साधारण साडेसहा किलो वजन उचलण्याएवढा जोर लागतो. १:६ वर तेरा किलो. तोही खांद्यांनी, सतत, आणि पावसात ओल्या झालेल्या रिंगवर.

बॅगेचं गणित

खुर्ची मागे कधी उलटते? बसलेला माणूस आणि खुर्ची यांचा मिळून एक गुरुत्वमध्य असतो. तो मागच्या चाकाच्या अक्षाच्या पुढे असतो, म्हणून खुर्ची उभी राहते. चढावर तो मागे सरकतो, आणि अक्षाच्या मागे गेला की खेळ खल्लास.

समजा गुरुत्वमध्य अक्षाच्या १० सेंटीमीटर पुढे आणि ५० सेंटीमीटर वर आहे. १० भागिले ५० म्हणजे ०.२, आणि तो टॅन असलेला कोन ११.३ अंश. म्हणजे साडेनऊ अंशांवर ही खुर्ची जेमतेम तगते. आता ६ किलोची बॅग अक्षाच्या २५ सेंटीमीटर मागे, थोड्या उंचीवर टांगा. नवा गुरुत्वमध्य अक्षाच्या पुढे फक्त साडेसात सेंटीमीटर. मर्यादा साडेआठ अंशांवर आली. रॅम्प साडेनऊचा. वर रिंगला दिलेला झटका पुढची चाकं उचलायला मदतच करतो.

आकडे मी गोल धरलेत, प्रत्येक खुर्चीचे वेगळे असतील. पण दिशा बदलत नाही. बॅग सीटखाली किंवा मांडीवर घ्या. चढताना अंग पुढे झुकवा. मागे उलटू न देणारी छोटी चाकं, म्हणजे अँटी-टिपर, खुर्चीला असतील तर 'अडकतात' म्हणून काढून टाकू नका.

यात सध्याच्या बातम्यांचाही संबंध आहे. आयआयटी मद्रासने जुलै २०२५ मध्ये वायडी वन नावाची ९ किलोची देशी बनावटीची खुर्ची आणली. दवाखान्यात दिसणारी स्टीलची खुर्ची याच्या जवळपास दुप्पट वजनाची असते, त्यामुळे रिक्षात, गाडीत टाकायला हा मोठा फरक आहे, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण अशा ॲक्टिव्ह प्रकारच्या खुर्चीत मागचा अक्ष पुढे घेतलेला असतो, म्हणून ती हलकी चालते, पटकन वळते आणि तितक्याच पटकन मागे झुकते. खुर्ची जितकी हलकी, तितका त्याच बॅगेचा परिणाम जास्त. नवी खुर्ची आली की पहिले काही दिवस मागे कुणीतरी हवं.

रोजच्या गोष्टी

खुर्चीचा खटका हा ब्रेक नाही, हँडब्रेक आहे. थांबल्यावर लावायचा. उतारावर वेग कमी करायचा तो रिंग हातात घसरू देऊन. हा खटका टायरवर दाबून धरतो, म्हणून टायरमध्ये हवा कमी असली की खटका लावूनही खुर्ची सरकते. दादाच्या खुर्चीत महिन्यातून दोनदा सायकलच्या पंपाने हवा भरायचं काम माझं आहे. खुर्चीत बसताना-उतरताना पायाच्या फळीवर उभं राहू नये, ती पुढे कलंडते. खाली पडलेला फोन उचलायला वाकायचं असेल तर आधी खुर्ची थोडी मागे घ्या. पुढची छोटी चाकं फिरून समोर येतात आणि पाया लांब होतो. ही युक्ती मला दादाने शिकवली, आणि ती कळल्यावर मी तिच्याकडे पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

तुम्ही ढकलणारे असाल तर: विचारल्याशिवाय हात लावू नका. कडक उतारावरून खुर्ची उलटी उतरवा, म्हणजे तुम्ही खालच्या बाजूला आणि बसलेल्याची पाठ उताराकडे. फूटपाथवरून उतरतानाही मोठी चाकं आधी. पायऱ्यांवर उचलायची वेळ आली तर फ्रेमला धरा. हाताचे टेकू आणि पायाच्या फळ्या अनेक खुर्च्यांमध्ये निघून येतात, तेही नको त्या क्षणी. गटाराची जाळी तिरकी ओलांडा, नाहीतर पुढचं चाक फटीत जातं आणि माणूस पुढे फेकला जातो.

आणि आपल्या गॅजेट्सबद्दल दोन गोष्टी. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही, त्यांनी तापलेला लॅपटॉप, चार्ज होणारा फोन किंवा पॉवरबँक मांडीवर ठेवू नये. भाजलेलं कळतच नाही, संध्याकाळी फोड दिसतो. तसंच एका जागी बसून कातडीवर दाब येतो, म्हणून दर १५ ते ३० मिनिटांनी वजन हलवायचं असतं. दादा त्यासाठी फोनवर कंप होणारा टायमर लावतो.

दुसरी: फोन अंगावर ठेवा, खुर्चीला टांगलेल्या पिशवीत नको. खुर्चीतून पडलात तर पिशवी खुर्चीबरोबर जाते आणि ११२ लावायला हातात काहीच उरत नाही. मात्र गळ्यात लांब दोरी घालून फोन लोंबवू नका, ती चाकाच्या आऱ्यांत जाते.

मोजलेलं कुठे लिहायचं?

मॅप्सवर रिव्ह्यू लिहिताना बूलियनच्या पुढे आकडा लिहा: "रॅम्प आहे, साडेनऊ अंश, कठडा नाही, दार ७० सेंटीमीटर." सोबत बाजूने काढलेला फोटो टाका, समोरून काढलेल्या फोटोत कुठलाही रॅम्प सपाट दिसतो. व्हीलमॅपवर रंग भरायला अर्धा मिनिट लागतो. सरकारचं सुगम्य भारत ॲप मार्च २०२१ पासून आहे, त्यात सार्वजनिक जागेचा फोटो आणि ठिकाण टाकून तक्रार करता येते. तिन्हीकडे टाका, कारण तीन डेटाबेस एकमेकांशी बोलत नाहीत.

कॅफेच्या मालकाला मी आकड्यांसकट सगळं सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात परत मोजायला गेलो. पत्रा तोच, कोन तोच, त्यावर आता हिरवी रबरी मॅट आहे. दादाने फोटो बघितला आणि विचारलं, "बाजूच्या गल्लीतून मागचं दार आहे ना त्यांना? ते मोजलंस का?" मोजलं नव्हतं.