आधी डॉक्टर, मग पिल्लू

सुट्टी लागली की घरोघरी एक हट्ट सुरू होतो, "कुत्र्याचे पिल्लू आणू या!" मग वडीलमंडळी पिल्लाची किंमत विचारतात आणि ती परवडली की होकार देतात. माझ्या मते येथेच गफलत होते. पिल्लू फुकट मिळाले तरी कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. विचार करायचा तो या सर्व वर्षांच्या खर्चाचा.

समजा, खाण्याला रोज ४० रुपये लागतात. वर्षाचे झाले १४,६०० आणि बारा वर्षांचे १,७५,२००. यात औषधपाणी धरलेले नाही, महागाईही नाही. आपल्या गावातले भाव घालून हा हिशेब तुम्ही स्वतः मांडा आणि तो कागद घरच्यांपुढे ठेवा.

औषधपाण्याचा काही खर्च आधी ठाऊक असतो. जंताचे औषध, लसी, नसबंदी हा तो खर्च. त्यातही लोक काटकसर करतात. "एकदा टोचले, आता पुन्हा कशाला?" असे विचारतात. याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडे मिळतात. ती रोगापासून त्याचे रक्षण करतात, परंतु लसही निष्प्रभ करून टाकतात! ठराविक दिवसांनी ती निम्मी, पुन्हा निम्मी होत जातात, अगदी किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासासारखी. मात्र सुरुवातीला कोणत्या पिल्लाला किती मिळाली हे बाहेरून कळत नाही. म्हणून पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा देतात. मधली टोचणी चुकवली तर पिल्लू नेमक्या धोक्याच्या दिवसांत उघडे पडू शकते. रेबीजच्या लसीत तर काटकसर नकोच. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो, कुत्र्याचा आणि माणसाचाही.

दुसरा खर्च अवचित येतो. गोचीडताप, मोडलेला पाय, एखादी शस्त्रक्रिया. अशा वेळी पैसे नसले की जनावर रस्त्यावर सोडून देणारी माणसे आहेत. म्हणून पिल्लू येण्यापूर्वीच पोस्टात किंवा बँकेत दरमहा थोडी रक्कम वेगळी टाकायला सुरुवात करावी. पाळीव प्राण्यांचा विमा आता आपल्याकडेही मिळतो, पण कोणते आजार त्यात बसत नाहीत ते आधी वाचावे.

आता डॉक्टर. जनावराला सुई टोचणारा प्रत्येक जण पशुवैद्य नसतो. पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. आहे का आणि राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी येतात. तेथे कुत्र्यावर शस्त्रक्रिया होते का, क्ष-किरण यंत्र कोठे आहे, रात्री-अपरात्री कोणाकडे जायचे, हे सारे पिल्लू निरोगी असतानाच विचारून ठेवा. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही अशी महाविद्यालये आहेत. ती जवळ असतील तर तेथील चिकित्सालयात चौकशी करावी.

डॉक्टर दूर असला की घरगुती उपाय सुरू होतात आणि ते महागात पडतात. कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. आपल्या हाताला ते गरम लागणारच! त्याला ताप समजून माणसाची गोळी देऊ नये. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही मारक ठरू शकते, कारण ते औषध निरुपद्रवी करण्याची क्षमता त्याच्या यकृतात फार कमी असते.

आणि हिशेब जुळलाच नाही तर? तर पिल्लू आणू नका. गल्लीत एखादा कुत्रा असेलच. त्याच्या रेबीजच्या लसीचा खर्च चार घरांनी वाटून घेता येतो, आणि डॉक्टर शोधण्याचे काम तुम्ही आजच सुरू करू शकता.